सोन्या, तुझा आकडा आता तुझ्याकडेच राहू दे

प्रिय सोन्या,

रात्रीचे २ वाजून गेलेत आणि मी जागी आहे. कारण तसं काहीच नाही, तुझ्या दंडावरच्या सेन्सरचा आकडा माझ्या फोनवर दिसतो, तुझी शुगर ११८ आहे, बाण आडवा आहे म्हणजे ती स्थिर आहे, तू शांत झोपला असशील. पण तुझ्या टाइप १ डायबेटिसपायी इतकी वर्षं याच वेळेला उठून तुझं बोट टोचलंय की आता कोणी न उठवता जाग येते आणि हात आधी फोनकडे जातो. आज म्हटलं फोन बाजूला ठेवून तुला लिहावं, कारण मंगळवारचं डोक्यातून जात नाहीये.

मंगळवारी मला ६२ दिसला आणि बाण खाली होता, म्हणजे शुगर कमी आणि अजून उतरतेय. मी तुला सहा वेळा फोन केला, तू उचलला नाहीस, मग तुझ्या रूममेटला केला, तो बिचारा पळत आला, आणि तू तर वर्गात बसून केव्हाच ग्लुकोजच्या गोळ्या खाऊन झाला होतास. नंतर फोनवर तू फक्त एवढंच म्हणालास, "आई, मला माहीत होतं गं." चिडला नाहीस. चिडला असतास तर बरं झालं असतं असं वाटलं मला.

तूच मला समजावलं होतंस ना की सेन्सर रक्तातली शुगर मोजतच नाही, कातडीखालच्या पेशींमधल्या द्रवातली मोजतो, आणि ती रक्ताच्या ५ ते १५ मिनिटं मागे असते. म्हणजे तू गोळ्या खाल्ल्यास, रक्तातली शुगर वर यायला लागली, आणि इकडे माझ्या स्क्रीनवर अजून खालीच चाललेली. मी जे बघून घाबरले ते तुझ्यासाठी होऊन गेलेलं होतं. हे मला माहीत होतं, तरी घाबरले. आणि हे एकदाच झालेलं नाही. आठवतं, दहावीच्या वर्षी रात्री ५४ दाखवला म्हणून मी तुला झोपेतून उठवून साखरेचं पाणी पाजलं आणि सकाळी २८० होती? तू त्या सेन्सरच्या दंडावर झोपला होतास, सेन्सर दाबला गेला की तो खोटा लो, म्हणजे नसलेली कमी शुगर दाखवतो, कुशी बदलली की दहा-पंधरा मिनिटांत आकडा आपोआप वर येतो. त्या रात्री बोट टोचून बघितलं असतं तर तुझी झोपही मोडली नसती. तुझं शरीर आणि सेन्सर एकमेकांशी जुळत नसतील तर आधी बोट टोच, हे मी तुला शिकवलं आणि मीच विसरले.

म्हणून मी खूप विचार करून ठरवलंय. मी फॉलो, म्हणजे तुझे आकडे माझ्या फोनवर बघणं, काढतेय. सगळं नाही, ते पुढे सांगते.

तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा आपल्याकडे नुसता मीटर होता. दिवसाला सहा-सात वेळा बोट टोचायचं आणि मधल्या तासांचं काहीच कळायचं नाही. मग सेन्सर आला, दर ५ मिनिटांनी एक म्हणजे दिवसाला २८८ आकडे, वर्षाला एक लाखाच्या वर. मला तेव्हा वाटलं होतं कोणीतरी अंधाऱ्या खोलीत दिवा लावला. शाळेत तू खेळत असायचास आणि मी ऑफिसात बसून तुझी रेघ बघायचे. ही सोय आपल्यासारख्याच एका बापाच्या धडपडीतून पुढे आलीये. २०१३ मध्ये अमेरिकेत जॉन कॉस्टिक नावाच्या इंजिनियरने स्वतः कोड लिहून आपल्या लहान मुलाच्या सेन्सरचे आकडे इंटरनेटवर आणले, कारण मुलगा शाळेत आणि आकडा दाखवणारा रिसीव्हरही शाळेत, घरी काहीच कळायचं नाही. मग इतर आईबाप जमले, त्यातून नाइटस्काउट नावाची सिस्टिम झाली, कोड सगळ्यांना फुकट दिला, आणि त्यांचं घोषवाक्य होतं 'वी आर नॉट वेटिंग', आम्ही वाट बघत बसणार नाही. त्या माणसांबद्दल मला कायम कृतज्ञता वाटत राहील.

पण त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे जी मला आता जास्त महत्त्वाची वाटते. १९६९ च्या सुमारास रिचर्ड बर्नस्टीन नावाचा इंजिनियर होता, लहानपणापासून टाइप १. त्याला कळलं की रक्तातली शुगर मोजायचं एक मशीन निघालंय, पण ते फक्त डॉक्टरांना आणि हॉस्पिटलांना मिळायचं, पेशंटला नाही. त्याची बायको डॉक्टर होती म्हणून तिच्या नावावर त्याने ते घेतलं आणि दिवसातून अनेकदा स्वतःची शुगर मोजून इन्शुलिनचे डोस बसवायला लागला. डॉक्टर लोक ऐकेनात म्हणून चाळिशी उलटल्यावर तो स्वतः डॉक्टर झाला! पेशंटच्या हातात स्वतःचा आकडा असावा यासाठी माणसाने एवढं केलं. आणि मी इकडे तुझा आकडा तुझ्याआधी बघून तुला सांगतेय की आता काय कर. तू १८ चा झालास. आकडा दिसल्यावर काय करायचं याचा निर्णय तुझ्या हाताला यायला हवा, आणि मी मध्ये उभी असेन तर तो कसा येणार?

आजीचं उदाहरण घे. तिचं हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदय कमजोर पडणं, सुरू झाल्यावर रोज सकाळी वजन करायचं ठरलं, ३ दिवसांत २ किलोच्या वर वाढलं तर अंगात पाणी साठतंय असं समजून लगेच फोन करायचा. वजनकाटा ब्लूटूथचा होता, आकडा आपोआप ॲपमध्ये जायचा, आणि सुरुवातीचे कितीतरी दिवस तो तिकडे कोणी बघतच नव्हतं, आम्ही समजत होतो बघतायत. मग आजीनेच वहीत लिहायला सुरुवात केली आणि एकदा वाढलेलं तिनेच पकडलं. मी तेव्हा यावर बरंच वाचलं होतं. २०१० साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला, हार्ट फेल्युअरच्या १६५३ पेशंटचा, ज्यात पेशंट रोज फोनवरच्या ऑटोमॅटिक सिस्टिमला आपलं वजन आणि त्रास सांगायचे, काहीच फरक पडला नाही, ॲडमिशनही तेवढ्याच आणि मृत्यूही तेवढेच. आणि २०१८ मध्ये जर्मनीतला आला, १५७१ पेशंट, त्यात मात्र पलीकडे चोवीस तास डॉक्टर आणि नर्स बसलेले, आकडा बदलला की औषध बदलायचे, फोन करायचे, तिथे हॉस्पिटलात जाणारे दिवस आणि मृत्यू दोन्ही कमी झाले. दोन्हीकडे पेशंट वेगळे, पद्धती वेगळ्या, सगळी तुलना एकास एक करता येणार नाही, पण मला त्यातून एवढं समजलं की आकडा पोचणं ही अर्धीच गोष्ट आहे, तो बघून बरोबर ते करणारं माणूस पलीकडे लागतं. तुझ्या बाबतीत ते माणूस तू आहेस. मी लांबून फक्त घाबरू शकते.

आता तू म्हणशील मग मला काय सांगायचं राहिलंय, मला सगळं येतं. येतं तुला. तरी काही गोष्टी मी केल्या म्हणून तुला कराव्या लागल्या नाहीत, त्या सांगते.

सगळ्यात आधी तुझा इन्शुलिन देणारा पंप. पंप हुशार आहे, सेन्सर बघून आपोआप इन्शुलिन कमी-जास्त करतो, रात्री तर आपल्यापेक्षा चांगला करतो, त्यामुळे त्याच्यावर भरवसा बसतो आणि धोका तिथेच आहे. पंपात फक्त जलद काम करणारं इन्शुलिन असतं. अंगात दुसरा साठा नाही. नळी वाकली, साइट, म्हणजे नळी कातडीत बसते ती जागा, निघाली की काही तासांत कीटोन, म्हणजे इन्शुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी आम्लं, तयार व्हायला लागतात. आणि पंपाला कळत नाही की इन्शुलिन कातडीखाली न जाता टीशर्टवर सांडतंय, तो आपला देत राहतो आणि स्क्रीनवर सगळं ठीक. त्यामुळे शुगर २५० च्या वर, कारण सापडत नाही आणि करेक्शन, म्हणजे उतरवायचा जादा डोस, देऊनही तास-दोन तासांत उतरत नाही, असं झालं की पंपाशी वाद घालत बसू नकोस, कीटोन बघ, डोस इन्शुलिनच्या पेनने टोचून घे आणि साइट बदल. कीटोन जास्त आले किंवा उलट्या सुरू झाल्या तर सरळ हॉस्पिटल, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत. हे मी तुला आठव्यांदा सांगत असेन, पण आतापर्यंत रात्री साइट तपासायला मी होते.

बाणाकडे बघायची तुला सवय आहे पण घाईत तू आकडाच बघतोस. ८० आणि आडवा बाण म्हणजे काही करायचं नाही. ११० आणि जोरात खाली जाणारा बाण म्हणजे मिनिटाला ३ ने उतरत असेल तर पंधरा मिनिटांत ६५. कोणता बाण किती वेगाचा ते कंपनीप्रमाणे वेगळं असतं, पुढे कधी सेन्सर बदललास तर ते आधी बघून घे. आणि ताप आला, डोकं दुखलं की काय गोळी घेतोस तेही बघ, काही सेन्सर पॅरासिटामॉलने चुकीचं दाखवतात, काही व्हिटॅमिन सी च्या मोठ्या डोसने.

अलार्म कमी कर. खरंच. माझ्यामुळे तू १८० लाच हायचा, म्हणजे जास्त शुगरचा, अलार्म ठेवलायस आणि दिवसभर तो वाजत असतो, मग ज्या अलार्मने उठायला हवं तोही कानाला लागत नाही. पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना विचारून हायचा आकडा वर ने. 'अर्जंट लो', म्हणजे धोक्याइतकी कमी शुगर, त्याचा अलार्म मात्र कधीही बंद करायचा नाही, आणि फोनचं डू नॉट डिस्टर्ब त्याला अडवत नाही ना ते दर अपडेटनंतर तपासायचं, मागे एकदा अपडेटनंतर परमिशन गेली होती आणि आपल्याला दोन दिवस कळलंच नव्हतं.

रिपोर्टचं. टाइम इन रेंज ७० टक्क्यांच्या वर ठेवायचं म्हणतात, ७० ते १८० च्या मध्ये, म्हणजे दिवसातले साधारण १७ तास. उरलेल्या ७ तासांबद्दल कोणी तुला दोष देत नाही आणि तूही देऊ नकोस. लो चा वेळ ४ टक्क्यांच्या आत, तिकडे मात्र लक्ष. १९९३ साली डीसीसीटी या टाइप १ वरच्या मोठ्या अभ्यासाचा निकाल आला तेव्हा सिद्ध झालं की शुगर नीट ठेवली तर डोळ्यांचा त्रास सुरू होण्याची शक्यता ७६ टक्क्यांनी कमी होते, पण त्याच लोकांना गंभीर लो तिप्पट आले, कारण तेव्हा सेन्सर नव्हते, अंदाजाने चालायचं. तुझ्या पिढीला दोन्ही साधता येतं. एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट, चांगला आला म्हणून खूश होताना खालचा ग्राफही बघ, खूप लो आणि खूप हाय मिळूनही सरासरी चांगली येते.

रूममेटला ग्लुकागॉन, म्हणजे गंभीर लो मध्ये शुगर वर आणायचं औषध, कुठे आहे आणि कसं द्यायचं ते दाखव, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालायचं नाही हेही सांग. फोनच्या लॉक स्क्रीनवर मेडिकल आयडी भर. आकडे कोणाला दिसावेत हे तू ठरवायचं, क्लिनिकला हवेतच, मित्रमैत्रिणींपैकी कोणाला द्यायचे असतील तर दे, आणि नको वाटलं तर काढून घेताना कोणाला कारण द्यायची गरज नाही, मलाही नाही.

आता माझं. माझ्याकडे फक्त अर्जंट लो ठेवू दे, ५५ चा, तोही वीस मिनिटं तसाच राहिला तरच वाजेल असा. वाजला तर मी एकदा फोन करीन, नाही उचललास तर रूममेटला. हाय नाही, रेघ नाही, दिवसाचा रिपोर्ट नाही. तुला हेही नको असेल तर स्पष्ट सांग, मी काढेन. मला वाईट वाटेल, पण ते माझं मी बघीन.

आणि एक, हे बोलताना जमलं नसतं. इतकी वर्षं तू दारातून आत आलास की मी आधी शुगर विचारली. पेपर कसा गेला, मॅच कोण जिंकलं, ते नंतर. कधी कधी तुझ्या तोंडाकडे न बघता फोनकडे बघून मी ठरवलं की तू बरा आहेस. आकडा १२० होता आणि तू रडवेला होतास असे दिवसही गेले असतील, मला कळले नसतील. त्याबद्दल माझी चूक झाली बाळा.

रविवारी फोन कर. शुगर मी विचारणार नाही.

तुझी आई

ता. क. फ्रीजमधल्या बॅकअप पेनवर तारीख लिहिलीये ती बघून घे. वापरायला काढलेलं पेन साधारण २८ दिवसच चालतं आणि तू ते निघताना उघडलं होतंस.