बाबा, डॉली घेऊन या

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

फोनवर मी बांधतेय त्या विमानाचा विषय निघाला की आई "जेवलीस का?" म्हणून तो बाजूला सारते आणि बाबा नुसते "हं" करतात. म्हणून लिहायलाच बसले.

आधी आईच्या शंका. आई, मी मनाला येईल तसे पत्रे ठोकत नाहीये गं. हे आरव्ही-9, दोघांनी शेजारी बसायचं छोटं विमान. इथे अमेरिकेत, ओरेगन राज्यातच ऑरोरा गावात व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी आहे, रिचर्ड व्हॅनग्रुन्सवेन यांनी 1973 मध्ये काढलेली. नकाशे आणि भोकं पाडलेले पत्रे ती खोक्यात भरून देते, जोडायचं आपण. तिची दहा हजारांहून जास्त विमानं लोकांनी अशीच जोडून उडवली आहेत. नियम असा की निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी, शिकण्यासाठी किंवा आवडीखातर केलेलं हवं. पैसे मोजून कुणाकडून करून घेतलेलं त्यात धरत नाहीत. म्हणून प्रत्येक टप्प्याचे फोटो आणि नोंदी ठेवते. शेवटी तपासनीस येऊन बघतो, आणि त्यानंतरही सुरुवातीचे 25 ते 40 तास नेमून दिलेल्या हद्दीतच, प्रवासी न घेता उडवायचं.

धोका नाही असं खोटं सांगणार नाही. घरी बांधलेल्या विमानांना कारखान्यातल्यांपेक्षा जास्त अपघात होतात, आणि त्यातले बरेच पहिल्या काही उड्डाणांतच. म्हणून पहिलं उड्डाण मी करणार नाही, आरव्हीवर हात बसलेला वैमानिक करेल. हे ठरलंय. इंजिन अजून घेतलेलं नाही, आणि त्याची किंमत या पत्रात लिहीत नाही.

आता बाबा, तुमच्याशी बोलायचंय.

तुम्ही कांदिवलीच्या अमोल यादवांची बातमी पाठवली होतीत. चारकोपला इमारतीच्या गच्चीवर त्यांनी विमान बांधलं, 2016 मध्ये ते बीकेसीत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात उभं राहिलं आणि नोंदणी हाती यायला 2017 चा नोव्हेंबर उजाडला. त्यांनी आराखड्यापासून सगळं स्वतः केलं, माझं तसं नाही. माझं काम तुमच्या कामाच्या जास्त जवळचं आहे. दापोडीच्या वर्कशॉपात एसटीच्या बॉडीला ॲल्युमिनियमचे पत्रे तुम्ही रिव्हेटांनीच बसवलेत ना? इथेही तेच. फक्त पत्रा एक मिलिमीटरपेक्षा पातळ, आणि पंखावरच्या रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या वर येता कामा नये, हवेला अडथळा होतो. त्यासाठी आधी प्रत्येक भोकाच्या कडेची कूस, म्हणजे खरखरीत धार, काढायची, मग साच्यात दाबून तिथे वाटीसारखा खळगा करायचा, त्यात डोकं बसतं. पत्रे एकमेकांना धरून ठेवायला क्लेको म्हणून स्प्रिंगच्या खिळ्या असतात. त्या लावलेला पंख साळिंदरासारखा दिसतो.

रिव्हेट ठोकताना बाहेरून हवेची गन आणि आतून रिव्हेटच्या मागे धरायला तुमची डॉली, तो लोखंडी ठोकळा. त्यावर चेपून होणारी मागची टोपी रिव्हेटच्या व्यासाच्या दीडपट रुंद आणि निम्मी जाड झाली पाहिजे. कमी ठोकलं तर पकड येत नाही. जास्त ठोकत बसलं तर धातू कडक होतो, टोपी चिरते, मग ड्रिलने काढून नवा रिव्हेट घालायचा. मापायला गेज आहे, पण आवाज बदलला की टोपी झाली हे कळतं, असं तुम्ही शेजारच्या काकांना सांगायचात. मी आठ-नऊ वर्षांची असेन, काही कळलं नव्हतं. आता कळतं.

शेपटीचं काम एकटीने उरकलं, तिथे हात पोचतो. पंखाच्या वरच्या पत्र्यांना मात्र दोन माणसं लागतातच: एक गनवर, दुसरा आत हात घालून डॉली धरणारा. इथल्या ओळखीतले दोघं-तिघं यायला तयार आहेत, चांगली माणसं आहेत. पण मला तुमचा हात हवाय. गुडघ्याची काळजी करू नका, पंख उभा करून ठेवलाय, स्टुलावर बसून होतं. कानाला चांगले मफ आहेत, कापसाचे बोळे नकोत. आई-वडिलांनी मदत केलेली नियमात बसते, मी खात्री करून घेतली आहे.

आई, तू नुसती स्वयंपाकघरात बसणार नाहीस. रिव्हेटांच्या लांब्या नकाशावर बघून निवडून द्यायच्या असतात. शिवणाच्या डब्यातली बटणं तू ज्या शिस्तीने लावतेस, ते बघता या कामात मी तुला काय शिकवणार?

तुमचा व्हिसा अजून चालू आहे, जुलै-ऑगस्टमध्ये इथे पाऊसही फारसा नसतो. पुढच्या वर्षावर ढकलू नका, तोवर पंख बंद होतील. तारखा कळवा, तिकिटं मी काढते. मेतकूट आणा, लोणचं नको. आणि बाबा, डॉली चेक-इनच्या बॅगेत टाका. हातातल्या पिशवीत ठेवलीत तर मुंबईलाच काढून घेतील.

तुमची,
धाकटी