त्या पोरीला परत बोगद्यात ठेव

लातूर, रविवार रात्र

सोनू,

परवा फोनवर तू बोलायली होतीस तेव्हा इकडं कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या आणि तुझे पप्पा मधेच हरभऱ्याचा भाव सांगायले होते म्हणून मी नुसतं हं हं केलं, पटलं म्हणून नाही हां. आज झोप लागेना, मग उठून लिहायलेय. मोठं होईल, बसमधे वाचू नको, रूमवर जाऊन वाच.

तू म्हणलीस की कॉलेजसाठी बनवायलात त्या व्हिडिओ गेममधून ती किल्ल्यात अडकलेली पोरगी काढून टाकली. दौलताबादच्या अंधारीसारखा बोगदा ठेवला, वटवाघळं ठेवली, पोरगी तेवढी नको, कारण काय तर कुणीतरी सोडवायला येईल म्हणून वाट बघणारी बाई म्हणजे बाईचा अपमान. अर्धं मला मान्य आहे. डबल ड्रॅगन आम्ही पण खेळलोय, 1987 चा, सुरू होतो तोच एक गुंड मॅरियन नावाच्या पोरीच्या पोटात बुक्की मारतो आणि खांद्यावर टाकून नेतो, तुरीचं पोतं नेल्यासारखं. तिला मी कशाला सांभाळून घेऊ. 1981 च्या डाँकी काँगमधली पॉलिन पण तशीच, वर उभी राहून नुसती हेल्प हेल्प, सुरुवातीला तर तिला धड नाव पण नव्हतं, नुसती लेडी. त्यांच्यावर तू खुशाल बोल.

पण सगळ्यांना एका दावणीला कशाला बांधतीस?

मारिओच्या गेममधल्या त्या राजकन्येला, पीचला, तू हसतीस ना, सारखी कशी पळवून नेतात हिला म्हणून. 1985 च्या त्या गेमसोबत जी पुस्तिका यायची तिच्यातली गोष्ट दादूनं मला वाचून दाखवली. कासवांच्या राजानं जादू करून तिथल्या लोकांचे दगड-विटा करून टाकले, झाडं पण केली, आणि ती जादू मोडता येती फक्त एका राजकन्येला, म्हणून तिला कोंडली. मारिओला कोंडून त्याला काय मिळणार होतं, त्याला येतं काय, उड्या मारायला आणि डोक्यानं विटा फोडायला. (त्या विटा म्हणजे कोण हे कळल्यावर मला कसंतरीच झालं, पण जाऊ दे.)

आणि प्रिन्स ऑफ पर्शिया. बारावीनंतर मी कॉम्प्युटर क्लास लावला होता, सर बाहेर गेले की आम्ही पोरी तोच लावायचो, एका तासात राजकन्येपर्यंत पोचायचं, घड्याळ चालूच. आठव्या लेव्हलला शेवटी आपण जाळीच्या दाराआड अडकतो, काही केल्या निघता येईना, आम्हाला वाटलं कॉम्प्युटर बिघडला, आता सर मारतेत. हात सोडून नुसत्या बघत बसलो तर एक पांढरा उंदीर तुरुतुरु आला, फरशीतल्या बटणावर चढला आणि दार वर! तो उंदीर तिनं पाठवलेला गं. कोठडीत बसलेल्या पोरीनं. सोडवायला निघालेलाच अडकला तर त्याला सोडवलं कुणी? मी खुर्चीवरून उठून ओरडले आणि मागं बघते तर सर दारात.

आता मी एवढी का चिडले ते. किल्लारीच्या भूकंपाचं तुला माहिती आहे, माझं मी कधी नीट सांगितलं नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या आसपास, गणपती बुडवून सगळे झोपलेले. आमचं घर दगडामातीचं, वर माळवद, हातभर माती. मी दहा वर्षांची. डोळे उघडले तर उघडलेत का मिटलेत तेच कळेना एवढा अंधार, पाय कशात तरी दाबलेले, तोंडात माती, ओरडायला जावं तर खोकलाच येई. हात तेवढा मोकळा होता, चाचपडलं तर उशाचं फुलपात्र लागलं. ते मी दगडावर वाजवत बसले. किती वेळ ते माहीत नाही, मधे डोळा लागायचा, जाग आली की परत वाजवायचं. मग वरून शेजारच्या अण्णांचा आवाज आला, "वाजवत ऱ्हा पोरी, थांबू नको, मला जागा कळू दे."

पुढं लोक म्हणायचे हिला अण्णानं काढली. खरंच आहे, काढली. त्यांची नखं गेली होती उकरून उकरून. पण मला लई वर्षं उगाच लाज वाटायची, काढून घेतलेली पोरगी म्हणून, शाळेत कुणी विषय काढला की मी उठून जायची. आता तू तेच शब्द फोनवर बोललीस, अपमान, बिचारी, काढून टाकली, तर मला काय वाटलं असेल?

त्यानंतर मी मामाकडं राहिले, इथंच लातूरला, आणि तिथं टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. मामाचा पोरगा किल्ला सर करायचा आणि दरवेळी तेच, थँक्यू मारिओ, पण राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे. चौथ्या वेळेला त्यानं रिमोट फेकला, म्हणला नाहीच आहे ती, फसवायलेत. मी त्याला उठू देईना. म्हणलं आहे ती आत, वाट बघायली, चल. तो वैतागून परत बसला.

तर पोरीच्या हातात तलवार द्यायची तर दे, माझी ना नाही. पण आधी तिला परत बोगद्यात ठेव आणि तिला काहीतरी वाजवायला दे. खेळणाऱ्याला अंधारात दिसायचं नाही, तिचा आवाज ऐकत ऐकत यावं लागेल. जमतं का बघ, तुमच्या त्या सॉफ्टवेअरमधे.

आम्ही आठव्या किल्ल्यात गेलो त्या दिवशी नेमकी लाईट गेली, आणि नंतर तो व्हिडिओ गेमच बिघडला. ती राजकन्या मी अजून बघितलेली नाही. दिवाळीला आलीस की तेवढा किल्ला काढून दे, आणि खेळताना मधे मधे लेक्चर देऊ नको.

तुझी
मम्मी