नोकरी सोडलीये, आधी पूर्ण वाचा

प्रिय आई-बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर बाबा गप्प झाले असते आणि आई तू विषय जेवणावर नेला असतास, म्हणून लिहितेय. मी राजीनामा दिलाय. वर्षभर पुण्यातच राहून कादंबरी पूर्ण करणारे. भाड्याचे पैसे बाजूला काढलेत, मेडिक्लेम चालू आहे, डबा लावलाय, भाजीला तेल कमी असतं, आणि तुम्हाला येणारे पैसे एक महिनाही थांबणार नाहीत.

कादंबरी शेषनागावर आहे. खरं तर दादावर.

भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो तेव्हा आजी म्हणायची, शेषानं फणा हलवला. मला त्याचा इतका राग की नागपंचमीला मी वारुळाकडे पाठ करून उभी राहायचे, आई, तू रागावली नाहीस, नुसतं पोटाशी धरलंस. मग परवा परवा महाभारताचं आदिपर्व वाचलं तर तिथं उलटंच. शेष सगळ्या नागांत थोरला, भावांना विटून एकटा तप करत बसलेला, आणि ब्रह्मदेव त्याला सांगतात की पृथ्वी डळमळतेय, ती स्थिर धर. तो बिळातून खाली जातो. थोरला भाऊ, जमिनीखाली, वरच्यांना धक्का बसू नये म्हणून. पुस्तक मिटून किती वेळ रडले कळलंच नाही.

आता जे कधी बोलले नाही ते. विसर्जनाहून आल्यावर दाराजवळची जागा मी भांडून घेतली. दादा आतल्या भिंतीकडे सरकला, केसातला गुलालपण धुतला नव्हता, उशी लाल होईल म्हणून आजी ओरडली. मग पहाटेचे ३:५६. बाबा, दगड-मातीची भिंत आणि माळवदाचं ओझं हे तुम्ही मला किती वेळा समजावलंय, डोक्याला पटतं. पण 'मी' लिहून सुरुवात केली की हात थांबायचा. 'शेषाची धाकटी बहीण' लिहिलं आणि तिनं जागा घेतली, बिळाच्या तोंडाशी बसून हाका मारल्या, एका रात्रीत नऊ पानं झाली. त्या रात्री मी लाईट बंद करून झोपले.

बाबा तुम्ही मास्तर, पुरावा विचारालच. समुपदेशक ताईंनी सांगितलं, १९८६ ला पेनबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कॉलेजच्या मुलांना सलग ४ दिवस रोज १५ मिनिटं मनातलं सगळ्यात जड लिहायला लावलं. लिहून झाल्यावर मुलं आधी उदास झाली, पण पुढच्या महिन्यांत दवाखान्यात कमी गेली. माझंही तसंच होतंय, म्हणून एखाद्या दिवशी आवाज रडका आला तर घाबरू नका.

आपलं नाव, गाव कुठेच नाहीये. तुम्हाला वाचायचं नसेल तर नका वाचू, मला अजिबात वाईट वाटणार नाही.

आणि बाबा, बीपीची गोळी बरं वाटतंय म्हणून बंद करायची नाही. आई, बाथरूमची मॅट पाठवलीये ती कपाटात घडी घालून ठेवू नको, अंथर. आजच.

या ३० सप्टेंबरला मी येतेय, काहीही कारण न सांगता. किल्लारीला स्तंभापाशी तिघं जाऊ. एकच चॅप्टर रिकामा आहे, शेष खालून बहिणीला उत्तर देतो तो. मला दादाचा आवाज आठवत नाही. तो मला लांबून हाक कशी मारायचा, ते तेव्हा सांगाल?

तुमची,
छकुली