बुलेटचा क्रँक उघडण्यापूर्वी

कोल्हापूर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. काकांच्या बुलेटचा आवाज तू इतक्या बारकाईने लिहिला आहेस की निम्मे काम तिथेच झाले आहे. मात्र ‘रॉड गेला, क्रँक काढावा लागेल’ हा जो निकाल तुमच्या मिस्त्रींनी गाडी स्टँडवर उभी असतानाच देऊन टाकला, तो मला एवढ्या लवकर मान्य करवत नाही. रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँक या इंजिनाच्या फिरत्या शाफ्टशी जोडणारा दांडा, गेलाही असेल. पण जुन्या कास्ट आयर्न इंजिनात ठकठक करणाऱ्या जागा पुष्कळ असतात, आणि क्रँक उघडणे हे त्यांतले सर्वांत खर्चिक काम आहे.

प्रथम आवाजाविषयी. इंजिन थंड असताना जो पोकळ आवाज येतो आणि गाडी तापल्यावर कमी होतो, तो बहुधा पिस्टनचा असतो. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह उचलणाऱ्या भागाचा, आवाज हलका, टिकटिक असा येतो, आणि क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा येत असल्यामुळे तो इंजिनाच्या वेगाच्या मानाने संथ वाटतो. बिगएंडचा, म्हणजे रॉडच्या क्रँककडील टोकाचा, आवाज खालून, जड आणि बोथट येतो. तेल तापून पातळ झाले की तो वाढतो, आणि मध्यम वेगात असताना थ्रॉटल एकदम सोडला की विशेष स्पष्ट होतो, कारण त्या क्षणी रॉडवरचा भार पालटतो आणि झिजलेली फट एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला आपटते. खंबाटकीचा घाट चढून आल्यावर, थ्रॉटल सोडतानाच आवाज येतो असे तू लिहिले आहेस, म्हणून संशय बिगएंडवर जातो हे खरे. तरीही हा संशय आहे, पुरावा नव्हे.

पुरावा तेलात सापडतो. इंजिन गरम असतानाच तेल काढ आणि ते पांढऱ्या ताटात पसरून उन्हात पाहा. टायमिंग कव्हरमधला फेल्टचा फिल्टरही कापून उघड. या बुलेटच्या बिगएंडला रोलर नसतो. क्रँकपिन (रॉडचे खालचे टोक जिच्यावर बसते ती क्रँकची पिन) आणि रॉड यांच्यामध्ये आतून-बाहेरून व्हाइट मेटल हा मऊ धातू चढवलेला पोलादी बुश, म्हणजे नळीसारखे कडे, मोकळा तरंगत असतो, आणि तो स्वतः पिनच्या साधारण निम्म्या वेगाने फिरत राहत असल्यामुळे घासण्याचा वेग दोन फटींत वाटला जातो. हा बुश झिजू लागला की तेलात फिकट रुपेरी, मऊ कपच्या येतात, ज्या लोहचुंबकाला चिकटत नाहीत. चुंबकाला चिकटणारी भुकटी निघाली, तर मात्र पोलाद झिजते आहे असे समज आणि पुढची तपासणी होईपर्यंत गाडी चालवू नकोस.

त्यानंतर हेड आणि सिलिंडर उतरवावे लागेल. सिलिंडर उचलण्यापूर्वी टॅपेटच्या कप्प्यात दडलेला नट सोडायला विसरू नये. तो राहिल्यामुळे पट्टीने उचकटून फिन्स तुटलेली सिलिंडरे आमच्या उद्यमनगरात नेहमी पाहायला मिळतात. क्रँककेसच्या तोंडावर स्वच्छ फडके घालून पिस्टन काढ, आणि क्रँक वरच्या टोकाला आणून रॉड दोन्ही हातांनी धरून सरळ वर-खाली ओढून पाहा. येथे हात फसवतो. रॉडचे वरचे टोक डाव्या-उजव्या बाजूंना डुलते, ते थोडे डुलायलाच हवे, आणि अनेक मिस्त्री तेच दाखवून गिऱ्हाईक घाबरवतात. पाहायचा आहे तो फक्त उभा प्ले, म्हणजे वर-खाली जाणवणारी ढिलाई. फटीत दाट तेल असेल तर थोडासा प्ले हाताला जाणवतच नाही, म्हणून ते आधी धुऊन काढावे, आणि शक्य तर डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारे उपकरण) लावावा. क्रँकपिन सर्व बाजूंनी सारखी झिजत नाही, त्यामुळे क्रँक निरनिराळ्या कोनांत थांबवून हीच तपासणी पुन्हा करावी. ओढताना ‘टक्’ असे स्पष्ट हाताला लागले, तर मिस्त्रींचे म्हणणे बरोबर आहे आणि क्रँक काढण्याला पर्याय नाही.

समजा तसेच निघाले. मग किट मागवण्याच्या आधी बुश का झिजला, याचे उत्तर शोध, कारण ते न शोधता बसवलेला नवा बुशही त्याच वाटेने जातो. या इंजिनात दोन पंप आहेत: एक तेल टाकीतून बिगएंडकडे ढकलतो, आणि दुसरा खाली साचलेले तेल परत नेतो. रॉकरला, म्हणजे हेडमधल्या व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागांना, जाणारे तेल या दुसऱ्या, परतीच्या पंपाकडून येते. म्हणून रॉकरची नळी सैल करून तेथे तेल दिसले म्हणजे इंजिनाला तेल मिळते आहे, असा जो सर्वत्र समज आहे, तो बिगएंडपुरता निरुपयोगी आहे. बिगएंडचे तेल टायमिंग कव्हरमधून क्रँकच्या पोकळ टोकात शिरते, आणि त्या जोडावर एक लहानसे कॉर्कचे सील असते. ते कडक होऊन आक्रसले किंवा कव्हर बसवताना चुरडले गेले, की तेल पिनपर्यंत न जाता तेथूनच खाली गळते. टाकी भरलेली, रॉकर ओले आणि पिन मात्र कोरडी, अशी स्थिती होते. बोटाच्या पेरापेक्षा लहान अशा या वस्तूने किती क्रँक खाल्ले असतील, ते सांगता येणार नाही. टायमिंगच्या बाजूला हात घालशीलच, तर पंप फिरवणाऱ्या वर्म नटाचे आटे उलटे आहेत हेही ध्यानात ठेव.

फ्लायव्हील, म्हणजे क्रँकपिनने जोडलेली क्रँकची दोन जड चाके, वेगळी करण्याचे आणि पुन्हा जोडण्याचे काम घरी करू नये. त्याला प्रेस, सेंटर आणि अनुभवी हात लागतो. पण टर्नरजवळ उभे राहून तीन गोष्टी स्वतः पाहाव्यात. जुनी पिन मायक्रोमीटरने वेगवेगळ्या कोनांत मोजून घ्यावी. अंडाकृती झाली असेल तर तिच्यावर नवा बुश बसवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. फ्लायव्हीलमधील तेलाची भोके पूर्ण साफ व्हायला हवीत, कारण फिरण्याच्या जोराने गाळ नेमका तेथेच थापला जातो. आणि पिनवरचे भोक फ्लायव्हीलमधल्या भोकाशी जुळलेच पाहिजे. जोडणी झाल्यावर तेलाच्या डब्याची चोच शाफ्टच्या टोकाला लावून दाबावी आणि तेल बुशच्या कडेने झिरपते की नाही ते डोळ्यांनी पाहावे. नंतर क्रँक सेंटरवर फिरवून दोन्ही शाफ्टची वाकड पाहतात, ती ०.०५ मिमीच्या आत आणली, तर मी समाधान मानेन. स्मॉल एंडचा (रॉडच्या पिस्टनकडील टोकाचा) बुश आणि रॉडचा सरळपणाही तेव्हाच तपासून घ्यावा.

बुश काढून रोलर बसवण्याचा सल्ला तुला कोणीतरी देईलच. रोलरला तेलाचा दाब कमी पडला तरी तो तग धरतो, हे खरे आहे. परंतु त्याला पिन आणि रॉडचा आतला पृष्ठभाग उत्तम कठीण आणि अचूक ग्राइंड केलेला लागतो, आणि बाजारातल्या सगळ्याच किटबद्दल तशी खात्री मला नाही. पंप आणि सील धड असतील तर मी मूळ बुशच ठेवीन. काका गाडी शांतपणे, पण टॉप गिअरमध्ये फार हळू ओढतात, ती सवय मात्र मोडायला हवी. त्या वेगात भार सगळा पिनवर येतो आणि पंप जेमतेम फिरत असतो.

तेलातल्या कपच्यांचे छायाचित्र आणि उभ्या प्लेचे माप आधी पाठव. पिनचे माप हाती येईपर्यंत बुशची मागणी नोंदवू नकोस. क्रँक इकडे आणायचा ठरलाच, तर टायमिंग कव्हर आणि दोन्ही पंपही सोबत आण, म्हणजे सगळे एकाच टेबलावर मांडून पाहता येईल. काकांना नमस्कार सांग.

कळावे, लोभ असावा.

तुझा स्नेही