पुण्याची गाडी, स्पितीची थंडी

महोदय,

थंडी पडू लागली की स्वतःच्या गाडीने हिमाचलमधल्या स्पितीला जाण्याचे बेत पुण्या-मुंबईत शिजू लागतात आणि पर्यटन पुरवण्यांतून त्यावर लेख येतात. त्यांत मठ असतात, हिमबिबट्या असतो, थुक्पा असतो. गाडीबद्दल बहुधा एकच ओळ असते : फोर बाय फोर असेल तर काळजी नाही. ही ओळ वाचून निघणाऱ्यांसाठी हे पत्र.

फोर बाय फोर, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना देणारी यंत्रणा, गाडीला पुढे ढकलते. ती थांबवण्याचे काम ब्रेक आणि टायर करतात आणि ते साध्या हॅचबॅकलाही तेवढेच असतात. गुळगुळीत बर्फावर टायरची पकड कोरड्या डांबराच्या सातव्या-आठव्या हिश्शावर येते. कोरड्या रस्त्यावर ताशी 40 किलोमीटर वेगाला ब्रेक दाबल्यावर गाडी आठ-नऊ मीटरांत थांबत असेल, तर अशा बर्फावर साठ मीटरांहून जास्त लागतात. हे सपाटीवरचे. सहा टक्के उतारावर ताशी 20 च्या वेगालाही जवळपास चाळीस मीटर, आणि दहा टक्के उतारावर ब्रेक पूर्ण दाबूनही गाडी खाली जातच राहते. मग ती कितीही लाखांची असो.

रस्त्याविषयीही एक गोंधळ असतो. 2020 मध्ये अटल बोगदा सुरू झाल्यापासून मनालीहून थेट काझा, म्हणजे स्पितीचे मुख्य गाव, गाठता येते असे अनेकांना वाटते. बोगदा शेजारच्या लाहौल खोऱ्यात उतरवतो. तिथून काझाला जायला सुमारे साडेचार हजार मीटर उंचीची कुंझुम खिंड लागते आणि ती हिवाळाभर बंद असते. त्यामुळे वाट एकच : शिमला, नारकंडा, रामपूर, पोवारी, नाको, ताबो, काझा. उंची हळूहळू चढते, त्यामुळे शरीरालाही ही बरी. पहिला बर्फ बहुतेकदा नारकंड्यालाच भेटतो. तो घाट बंद असला की वाहतूक बसंतपूर-किंगलमार्गे वळवतात, हे माहीत असावे.

आता मूळ मुद्दा. पुण्यात भरलेले डिझेल चंदीगडच्या आतच संपते. पण कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव), इंजिन ऑइल, काचेवर उडवायचे पाणी, बॅटरी आणि टायर हे सगळे पुण्याहूनच काझाला पोचते, आणि जानेवारीत तिथे रात्री पारा उणे वीसच्या आसपास जातो.

कूलंटपासून सुरुवात करावी. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये टाकी कमी दिसली की नळाचे पाणी ओततात. गाडी चालते, कारण आपल्याकडे काही गोठत नाही. कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे असेल तर मिश्रण उणे 37 अंशांपर्यंत टिकते. कूलंट एक तृतीयांशावर आले की उणे 17-18 लाच गोठू लागते, म्हणजे काझाच्या साध्या रात्री. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते. रेडिएटर फाटतो, कधी इंजिन ब्लॉकलाच तडा जातो. अर्धवट गोठले तर आणखी चमत्कारिक प्रकार : बाहेर कडाक्याची थंडी आणि तापमानाचा काटा लाल पट्टीत, कारण रेडिएटरमधला चिखलासारखा बर्फ पाणी फिरू देत नाही. यावर उपाय म्हणून काही जण निव्वळ कूलंट भरतात. तेही चूक. कूलंटमधले मुख्य द्रव्य म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, आणि ते शुद्ध असेल तर उणे 13 च्या आसपासच गोठते. पाण्यात मिसळल्यावरच ते खरे काम करते. बाटलीवर ‘प्रीमिक्स’ (आधीच पाणी मिसळलेले) लिहिले असेल तर त्यात आणखी पाणी घालू नये. निघण्याआधी गॅरेजमध्ये टेस्टरने कूलंट तपासून घ्यायला पाच मिनिटे पुरतात.

ऑइलच्या डब्यावर ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा पाहावा. थंडीत ऑइल किती घट्ट होते याची चाचणी 15डब्ल्यूसाठी उणे 20 ला होते, 5डब्ल्यूसाठी उणे 30 ला. कंपनीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर 5डब्ल्यू घालूनच निघावे. बॅटरी तीन वर्षांहून जुनी असेल तर बदलावी. उणे वीसला तिची ताकद निम्म्यावर येते आणि घट्ट ऑइलमुळे स्टार्टरला नेमकी जास्त ताकद लागते. वॉशरच्या टाकीत नळाचे पाणी असेल तर ते शिमल्यापूर्वी उपसून न गोठणारे वॉशर फ्लुइड भरावे, नाहीतर पंप फुटतो. काचेवरच्या बर्फावर उकळते पाणी ओतू नये, काच तडकते.

डिझेलवर थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण गाड्या सर्वांत जास्त त्यानेच अडतात. डिझेलमधले मेण थंडीत कणाकणाने बाहेर पडते आणि फिल्टरवर बसते. भारतीय मानकात डिझेल फिल्टरमधून वाहण्याची तापमान-मर्यादा उन्हाळ्यात 18 आणि हिवाळ्यात 6 अंश आहे, तीही शून्याच्या वर! लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 पर्यंत वाहणारे डिझेल आणले. वाटेतल्या प्रत्येक पंपावर तेच असेल असे धरून चालू नये, विचारून घ्यावे. सुरक्षित मार्ग म्हणजे पोवारीला टाकी भरण्याआधी डिझेल न गोठू देणारे द्रव्य बाटलीवर लिहिलेल्या मापाने टाकीत ओतावे आणि मग डिझेल भरावे, म्हणजे ते नीट मिसळते. डिझेल गोठल्यावर ओतून उपयोग नाही, कारण ते फिल्टरपर्यंत पोचतच नाही.

गोठलेल्या डिझेलचे लक्षण फसवे असते. गाडी सकाळी पटकन सुरू होते, पाच-दहा मिनिटे चालते, मग जोर जातो आणि बंद पडते. तेव्हा सेल्फ मारत बसू नये. उच्च दाबाच्या पंपाला वंगण डिझेलचेच असते. कोरडा फिरला की मोठा खर्च येतो. गरम पाण्यात भिजवलेली फडकी फिल्टरला गुंडाळावीत, किंवा सोबत नेलेला नवा फिल्टर बसवावा. तो कुठे असतो हे घरीच पाहून ठेवावे. ट्रकवाले टाकीखाली जाळ करतात ते पाहून तसे करू नये, मोटारींच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. रॉकेल मिसळण्याचा सल्लाही मिळेल. नव्या प्रदूषण-नियमांच्या बीएस-6 गाडीत तो ऐकू नये : वंगण कमी, गंधक जास्त, आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा निकामी. डीईएफ, म्हणजे याच यंत्रणेला लागणारे युरियाचे पाणी, उणे 11 ला गोठते. त्याची टाकी काठोकाठ भरू नये. पेट्रोल गाडीला यातले काहीच नाही. या एका सहलीपुरती आमची पसंती पेट्रोललाच.

टायरमध्ये हवा किती, यावरून बरेच वाद होतात. पुण्यात 25 अंशांत 33 पीएसआय (हवेच्या दाबाचे माप) भरली असेल तर उणे 15 ला थंडीमुळे साधारण सहा पीएसआय उतरतात, पण काझाच्या उंचीवर बाहेरची हवा विरळ म्हणून गेजवर चार-पाच चढतात. हिशेब जवळपास फिटतो. म्हणून अंदाजाने हवा सोडू-भरू नये; सकाळी गाडी हलवण्यापूर्वी गेज लावावा. हवा कमी केल्याने वाळूत फायदा होतो, काचेसारख्या बर्फावर नाही. टायरवर नुसते ‘एम+एस’ (मड अँड स्नो) लिहिले असेल तर त्यावर विसंबू नये. तीन शिखरांमध्ये हिमकणाचे चिन्ह असेल तोच बर्फाचा टायर.

बर्फात टायरवर चढवायच्या साखळ्या टायरच्या मापाच्या घ्याव्यात आणि सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा लावून पाहाव्यात. उणे दहाला उघड्या बोटांनी शिकता येत नाही. इंजिनची ताकद ज्या चाकांना जाते त्यांना लावाव्यात, शंभर मीटर जाऊन पुन्हा आवळाव्यात, ताशी 30 च्या आत राहावे आणि डांबर लागताच काढाव्यात. तुटलेली साखळी ब्रेकची नळी कापते.

वेळ सकाळी दहा ते दुपारी तीन. दिवसा वितळून रस्त्यावर आलेले पाणी रात्री गोठते आणि सावलीतल्या वळणांवर ते दिसतही नाही. उताराला लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. समोरून गाडी चढत असेल तर वरच सपाट जागी थांबून तिला येऊ द्यावे. ती थांबली तर पुन्हा चढणार नाही. रात्री गाडीचे तोंड पूर्वेला, सकाळच्या उन्हाकडे, पहिला गिअर, चाकाला दगड. हँडब्रेक ओढला तर तो सकाळी सुटत नाही.

बर्फात अडकल्यावर हीटरसाठी इंजिन चालू ठेवून काचा बंद करून झोपू नये. सायलेन्सर बर्फाने बुजला की कार्बन मोनॉक्साइड आत येतो. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरी इथे वीसहून जास्त माणसे अडकलेल्या गाड्यांत दगावली, त्यात या वायूचाही वाटा होता. दर तासाला दहा मिनिटे इंजिन, त्याआधी उतरून सायलेन्सर मोकळा करणे आणि एक काच बोटभर खाली, एवढे पाळावे. त्यासाठी फावडे डिकीत नको, सीटजवळ हवे. डिकीचे दार गोठलेले असते.

रस्ता सुरू आहे का, याची चौकशी हॉटेलवाल्याकडे करू नये, त्याला तुमचे बुकिंग हवे असते. हिमाचलमध्ये त्या-त्या जिल्ह्यातून 1077 फिरवला की आपत्ती नियंत्रण कक्ष उत्तर देतो. पुढच्या हिवाळी पुरवणीत निदान हा क्रमांक तरी ठळक छापावा, ही विनंती.

आपले,
पहाडी रस्त्यांवर गाड्या चालवणारे आणि त्या दुरुस्त करणारे काही वाचक, पुणे