वाचता येतं, पण कळतं का?

संपादक महोदय,

माझी मुलगी तिसरीत आहे, वाचनाच्या टेस्टमध्ये नेहमी पैकीच्या पैकी, म्हणून परवा गंमत म्हणून तिला एक वाक्य दिलं, 'धपकू गिलमीत टरफला', आणि विचारलं, धपकू कुठे टरफला? लगेच उत्तर, गिलमीत! अर्थ शून्य तरी मार्क फुल. टेस्टमधले बरेचसे प्रश्न असेच असतात हो, उताऱ्यातलं वाक्य शोधा आणि उतरवा. पर्ल्स म्हणून चौथीच्या मुलांची आंतरराष्ट्रीय वाचन चाचणी २००१ पासून दर ५ वर्षांनी होते, त्यात सरळ माहिती शोधायच्या प्रश्नांचा वाटा साधारण २० टक्केच, बाकी अंदाज बांधणं, संदर्भ जोडणं, पारखणं असलं. आणि नुसतं मिनिटाला किती शब्द वाचले ते मोजूनही भागत नाही, गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्येच मांडलंय की आकलन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषेची समज, एक शून्य तर सगळंच शून्य. मग नक्की काय कच्चं आहे ते बघायला एखादा उतारा नुसता वाचून दाखवा ना, ऐकून कळला तर अडचण अक्षरांशी, ऐकूनही नाही कळला तर भाषेशी. पाच मिनिटांचं काम आहे! आमच्या प्रगतीपुस्तकात मात्र तीन वर्षं एकच शेरा, 'वाचन छान'.

– एक पालक