अनुदान मार्चअखेरीस नको, एप्रिलमध्ये द्या

प्रति,
मा. मंत्री, सामाजिक न्याय व अधिकारिता, भारत सरकार

महोदय,

वृद्धाश्रम आणि व्यसनमुक्ती केंद्रे चालवणाऱ्या छोट्या संस्थांच्या खात्यात आपल्या मंत्रालयाचे अनुदान अनेकदा वर्ष सरता सरता पडते. 25 ज्येष्ठांच्या घरात चूल मात्र 1 एप्रिललाही पेटवावी लागते. तोवर किराणा उधारीवर येतो, स्वयंपाकिणीचा पगार थकतो.

ई-अनुदान या मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर प्रस्ताव, मग तपासणी, राज्याची शिफारस, मंजुरी आदेश, शेवटी पीएफएमएस या केंद्राच्या ऑनलाइन देयक प्रणालीतून हप्ता. एका टेबलावर फाइल अडकली की पुढचे सगळे अडते. सर्वाधिक अडते ते उपयोगिता प्रमाणपत्रावर, म्हणजे अनुदान कशावर खर्च झाले याच्या दाखल्यावर (सामान्य वित्तीय नियमांतील नमुना जीएफआर 12-ए). अखर्चित शिल्लक ताळेबंदाशी जुळत नाही, व्याज वेगळे दाखवलेले नसते, किंवा भोजनाच्या खर्चशीर्षात मंजूर झालेली रक्कम पगाराकडे वळवलेली असते. ही शेवटची चूक बहुधा उशिरातूनच जन्मते: दोन-तीन पगार तुंबले की हाताशी असेल त्या पैशातून ते भागवले जातात. त्यात त्रुटी एकेक करून कळवल्या जातात. पहिलीची पूर्तता झाली की दुसरी निघते.

यासाठी नवा नियम नको. मागील वर्षाचे उपयोगिता प्रमाणपत्र आणि लेखापरीक्षित हिशेब ही अट सामान्य वित्तीय नियम 2017 नुसार मंजूर रकमेच्या 75 टक्क्यांपुढील भागाला आहे. मग पहिला हप्ता त्यासाठी का रोखायचा?

व्याजाचे गणितही पाहा. अनुदानावर मिळालेले व्याज भारताच्या संचित निधीत भरावे लागते, आणि ते योग्यच आहे. पण हप्ता येईपर्यंत संस्थेने 6 लाख रुपये 12 टक्के दराने सहा महिने उचलले, तर होणारे 36 हजारांचे व्याज कोणत्याच मंजूर शीर्षात बसत नाही. मोठ्या संस्था हे स्वनिधीतून सोसतात, छोट्या बंद पडतात.

आणखी एक. अनुदान घेणाऱ्या संस्थेचे कार्यकर्ते मोर्चातही असतात, माहिती अधिकाराचे अर्जही करतात. हिशेब चोख असेल तर त्यावरून हप्ता अडवला जाऊ नये. हप्ता रोखायचाच असेल, तर नियमाचा क्रमांक देऊन कारण लेखी कळवा.

पहिला हप्ता 30 एप्रिलपर्यंत मिळावा, सगळ्या त्रुटी एकाच पत्रात कळाव्यात आणि फाइल कोणत्या टेबलावर किती दिवस आहे हे ई-अनुदानवर संस्थेला दिसावे, एवढे आदेश आपण येत्या आर्थिक वर्षाआधी काढावेत.

आपले,
अनुदानित स्वयंसेवी संस्थांचे कार्यकर्ते